शेंड्याला कात्री, बुडख्यासाठी

प्लांटेड टँक, म्हणजे प्लास्टिकच्या रोपांऐवजी खऱ्या पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, हल्ली पुष्कळ घरांत दिसते. ती लावणाऱ्याला सुरुवातीला धाकधूक असते ती रोपं जगतील का याची. रोपं जगतात. इतकी जगतात की चार-पाच काड्यांची जुडी दीड महिन्यात पाण्याच्या पृष्ठभागाला टेकते आणि तिथे आडवी पसरते. वरून पाहिलं तर हिरवंगार रान. समोरच्या काचेतून पाहिलं तर खाली नुसत्या तपकिरी काड्या. कुणाला विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं: ट्रिमिंग करा. पण कापायचं कुठे? वरचं ठेवायचं की खालचं? आणि इतक्या कौतुकाने वाढवलेल्या गोष्टीला कात्री लावली तर ती मरणार नाही कशावरून?

या प्रश्नांची उत्तरं पाठ करण्यापेक्षा ही झाडं अशी का वाढतात हे एकदा बघून घेतलं, तर कात्री कुठे लावायची ते बरंचसं आपोआप समजतं.

कोणती झाडं, आणि त्यांना वर जायची एवढी घाई का

टाकीतली सगळी झाडं सारखी नसतात. ॲमेझॉन स्वॉर्डची पानं मुळाशी एका झुपक्यातून निघतात. ॲनुबियाचं खोड आडवं, दगडाला धरून सरकणारं. आपला विषय आहे तो स्टेम प्लांट, म्हणजे उभ्या खोडाच्या वनस्पतींचा: रोटाला, हायग्रोफिला, लिम्नोफिला, लुडविजिया, बाकोपा. यांचं उभं खोड उसासारखं पेरापेरांचं असतं. जिथून पानं फुटतात तो सांधा म्हणजे पेर, आणि प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेत, एक झोपलेला डोळा असतो. छाटणीचा सगळा खेळ या डोळ्याचा आहे. स्वॉर्डचं पान अर्ध्यावर कापलं तर ते अर्धंच राहतं. रोटालाचा शेंडा कापला तर खालून नवे फुटवे येतात.

यातल्या कितीतरी वनस्पती आपल्याच आहेत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा भारतीय उपखंडातली. टाकीत लावला जाणारा बाकोपा मोनिएरी म्हणजे जलब्राह्मी. रोटालाच्या अनेक जाती पश्चिम घाटात, सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात उगवतात. मेंदी आणि डाळिंब ज्या कुळातले, त्याच कुळातली ही पोरं. कासच्या पठारावर जांभळी मंजिरी फुलली की तिचे फोटो सगळीकडे फिरतात. ती पोगोस्टेमॉन वंशातली, आणि त्याच वंशातला पोगोस्टेमॉन स्टेलॅटस हौशी मंडळी टाकीत लावतात.

हे कौतुकापुरतं सांगत नाही. वर जायच्या घाईचं कारण इथेच आहे. या वनस्पती मुळात काठावरच्या, चार महिने पाण्यात आणि पुढे चिखलात जगणाऱ्या. पाऊस वाढला की बुडायचं, पाणी ओसरलं की हवेत फुलायचं. यातल्या बहुतेकींची फुलं पाण्याबाहेर येतात, कारण परागीकरण करणारे कीटक तिथे असतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या साधारण दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. प्रकाशही खोलीबरोबर कमी होत जातो. म्हणजे बुडालेल्या रोपाच्या दृष्टीने अन्न, उजेड आणि लग्नाचा मांडव, तिन्ही वरच आहेत. टाकीतल्या रोपाला काय माहीत की त्याचं पाणी कधीच ओसरणार नाही? ते वर चढत राहतं. चांगला उजेड आणि सिलिंडरमधून सोडलेला सीओटू (हौशी मंडळींत कार्बन डायऑक्साइडला असंच म्हणतात) मिळाला तर आठवड्याला दहा सेंटिमीटर सहज.

खाली टक्कल पडतं ते कशाने

शेंडे वर पोचून पसरले की त्यांच्या खाली सावली पडते. सावलीतलं पान दिवसभरात जेवढी साखर बनवतं त्याहून जास्त स्वतः जगण्यात खर्च करू लागलं की झाडाला ते पोसणं परवडत नाही. मग त्यातला नायट्रोजन आणि इतर कामाचं काढून ते वर धाडलं जातं, पान पिवळं पडतं, गळतं. दाट झुडपात पाणीही फिरत नाही. फिल्टरचा प्रवाह बाहेरच्या बाहेर वळतो, आत गाळ साठतो आणि उरलेल्या पानांपर्यंत अन्न पोचत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. एकदा पान गळलं की त्या जागी पुन्हा पान येत नाही. आला तर डोळ्यातून नवा फुटवा येतो, नाहीतर ती काडी उघडीच राहते. शिवाय बरेच दिवस अंधारात राहिलेल्या जुन्या पेरांवरचे डोळे मंद होतात, काही मरतातही. म्हणून ‘झाड वर टेकलं की कापू’ हा सगळीकडे चालणारा नियम मला पटत नाही. तोपर्यंत खालचं नुकसान होऊन गेलेलं असतं. नजर ठेवायची ती बुडख्याकडे. सगळ्यात खालची दोन-तीन पानं फिकी पडू लागली की कात्रीची वेळ झाली, मग शेंडा पृष्ठभागापासून चार बोटं खाली असला तरी. शेंडा कापायचा तो खालच्या पानांना उजेड मिळावा म्हणून. टाकी नीटनेटकी दिसते हा वरचा फायदा.

शेंडा गेला की झाडात काय घडतं

हरभऱ्याचे शेंडे खुडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. रोप ऐन वाढीत आलं की कोवळे शेंडे खुडायचे, त्याची भाजी करायची किंवा घोळाणा. आणि शेंडे गेलेलं रोप बाजूंनी फुटतं, फांद्या वाढतात, घाटे जास्त लागतात. तुरीचे शेंडेही याच कारणासाठी खुडतात. टाकीतलं ट्रिमिंग ही हीच क्रिया, फक्त पाण्याखाली.

वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खोडातून खाली उतरत राहतं. ते उतरत असेपर्यंत खालचे डोळे झोपलेले राहतात. १९३० च्या दशकात केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी हे बाकल्याच्या रोपांवर दाखवलं: शेंडा कापला तर बाजूचे डोळे फुटले, पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं तर ते झोपलेलेच राहिले. पुढची अनेक वर्षं सगळा कारभार ऑक्सिनचाच असं मानलं गेलं. पण एक गोष्ट बसत नव्हती. शेंडा कापल्यावर खालचे डोळे इतक्या लवकर हलू लागतात की ऑक्सिनची पातळी तिथपर्यंत घटायला तेवढा वेळही झालेला नसतो. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून याचा उलगडा झाला. पहिला इशारा साखरेचा असतो. शेंडा हा झाडाचा सगळ्यात खादाड भाग. एकत्र कुटुंबात सगळी कमाई थोरल्याच्या शिक्षणावर खर्ची पडावी आणि धाकट्यांना ‘तुमचं पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं जावं, तसं खालच्या डोळ्यांचं असतं. शेंडा गेला की साखर मोकळी होते, ती डोळ्यांपर्यंत पोचते आणि ते जागे होतात. ऑक्सिनचा भाग त्यानंतरचा: जागे झालेल्यांपैकी कोण पुढे वाढणार, कोण मागे राहणार.

टाकीवाल्याला याचा उपयोग काय? एकच, पण मोठा. फुटव्याचं भांडवल म्हणजे साखर, आणि साखर पानं बनवतात. पानं असलेल्या पेरांच्या वर कापलं तर फुटवे जोमाने येतात. पानं नसलेली उघडी काडी ठेवून वरचं सगळं नेलं तर तिच्याकडे भांडवलच नसतं. ती आठवडा-दोन आठवडे तशीच उभी राहते आणि मग कुजते. ‘छाटणी केली आणि झाडं मेली’ अशा बहुतेक तक्रारींच्या मागे हे एवढंच असतं.

कुठे कापायचं

पेराच्या जरा वर. पेराच्या वर लांब कांडं सोडलं तर ते निरुपयोगी असतं, वरून कुजत येतं.

उंचीचा अंदाज मात्र नवशिक्यांचा हमखास चुकतो. झुडूप वीस सेंटिमीटरचं दिसायला हवं म्हणून लोक वीसवरच कापतात. पण फुटवे त्या छाटाच्या खालून निघून वर वाढणार आहेत, म्हणजे हिरवा भरगच्च भाग वीसपासून पुढे सुरू होईल आणि पंधरवड्यात पुन्हा पृष्ठभाग गाठेल. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या नेहमीच्या टाकीत पहिली छाटणी मातीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर करावी. डोळ्याला ते फार वाटतं. टाकी आठ दिवस भुंडी दिसते, घरचे विचारतात काय झालं म्हणून. होऊ द्या. समोर थोडं खाली आणि मागे थोडं वर असा उतार ठेवला तर नवे फुटवे एकमेकांच्या सावलीत येत नाहीत.

पुढची छाटणी आधीच्या छाटाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, त्यापुढची आणखी थोडी वर. नेमकी आधीच्याच जागी कात्री लावली तर नव्या फुटव्यांना पानंच उरत नाहीत, आणि तिथे गाठी जमून खोड लाकडासारखं होतं.

कात्रीबद्दल एकच: धारदार हवी. स्वयंपाकघरातली बोथट कात्री खोड कापण्याऐवजी चिरडते आणि चिरडलेलं टोक कुजतं. लांब दांड्याची स्टेनलेस स्टीलची कात्री मिळते, ती घ्यावी आणि पुसून ठेवावी.

वरचं ठेवायचं की खालचं?

इथे दोन घराणी आहेत, आणि दोघांचं बरोबर आहे.

नेदरलँड्समध्ये प्लांटेड टाकीची परंपरा जुनी. तिथल्या पद्धतीत रोपांच्या चढत्या उंचीच्या रांगा लावतात, त्यांना ‘रस्ते’ म्हणतात, आणि प्रत्येक काडी नीट दिसली पाहिजे असा आग्रह असतो. अशा टाकीत शेंडा कापून पुन्हा मातीत लावतात आणि जुना बुडखा उपटून टाकतात. कारण सरळ आहे: शेंड्याची पानं सगळ्यात ताजी, रंग सगळ्यात चांगला, खालपर्यंत भरलेला. आपल्याला वाटतं मुळं असलेला भाग म्हणजे खरं झाड. स्टेम प्लांटमध्ये तसं नाही. पाण्यातल्या पेरांवर आधीच बारीक पांढरी मुळं लोंबत असतात. आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा घेऊन, खालच्या एक-दोन पेरांची पानं काढून, चिमट्याने थोडा तिरका दोन-तीन सेंटिमीटर आत खोचला की तो आठवड्याभरात माती धरतो.

दुसरं घराणं जपानचं. ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये एडीए ही कंपनी काढली आणि निसर्गदृश्यासारख्या टाक्यांची शैली जगभर नेली. त्यात रोटालाचं झुडूप हवं असतं ते ढगासारखं गोल, दाट. तिथे बुडखा ठेवतात आणि वरून कुंपणाची मेंदी कापावी तशी कात्री चालवतात. एका काडीच्या दोन-तीन होतात, पुढच्या वेळी त्यांच्या आणखी. पानं बारीक होत जातात आणि झुडूप घट्ट होतं. स्पर्धेसाठी फोटो काढायचा असेल तर शेवटची छाटणी काही आठवडे आधी उरकतात, म्हणजे नेमक्या दिवशी शेंडे भरात असतात.

घरच्या टाकीत मी दोन्हीचं मिश्रण सुचवेन. रोटाला रोटंडिफोलिया, हायग्रोफिला, बाकोपा ही काटक मंडळी. तीन-चार वेळा वरून कापा. फुटवे वर गर्दी करून पुन्हा खाली अंधार करू लागले, की एकदा सगळं उपटून फक्त शेंडे लावा. रोटाला मॅक्रँड्रासारख्या नाजूक, लाल, दक्षिण भारतातल्या जातीला वरून कापणं मानवत नाही. तिथे पहिल्यापासून शेंडे लावणंच बरं. आणि एकाच दिवशी सगळ्या गटांना कात्री लावू नका. एक कोपरा या आठवड्यात, दुसरा पुढच्या.

कापल्या जागेतून बुडबुडे येतात, म्हणजे इजा झाली का?

भर उजेडात छाटणी केली तर कापलेल्या टोकातून बुडबुड्यांची बारीक माळ वर जाताना दिसते. घाबरायचं कारण नाही. हे दृश्य तुम्ही शाळेत पाहिलं आहे, निदान पुस्तकातल्या आकृतीत: चंचुपात्रात नरसाळं, नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या काड्या, वर उपडी परीक्षानळी आणि नळीत जमणारा ऑक्सिजन. त्या प्रयोगात काड्यांची कापलेली टोकं वरच्या बाजूला ठेवतात ती यासाठीच. पाणवनस्पतींच्या खोडात हवेच्या पोकळ नळ्या असतात. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन त्यांत साठतो, मुळांकडेही जातो. टोक कापलं की नळी उघडी पडते आणि वायू तिथून सुटतो. टोक काही वेळाने बंद होतं. थोडी साखर आणि रस मात्र पाण्यात उतरतो, सुटी पानंही तरंगतात. म्हणून मोठ्या छाटणीनंतर जाळीने कचरा काढून एक तृतीयांश ते अर्धं पाणी बदलावं.

झाडं कमी केली तर पाणी बिघडेल ना?

ही शंका रास्त आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि झाडं दोन्ही शोषून घेतात. झाडं अर्धी केली तर त्या दिवसापुरतं शोषण घटणारच.

पण दुसरी बाजूही मांडून बघा. शंभर ग्रॅम ओला पाला कापून बाहेर काढला असं धरू. पाणवनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वाळवला तर सातेक ग्रॅम उरेल. त्यात साधारण तीन टक्के नायट्रोजन धरला तर ०.२ ग्रॅम, म्हणजे नायट्रेटच्या हिशेबात जवळपास ०.९ ग्रॅम. १०० लिटरच्या टाकीत हे पाण्यातच राहिलं असतं तर लिटरमागे ९ मिलिग्रॅम नायट्रेट चढलं असतं. हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून छाटणी म्हणजे टाकीतला मळ उचलून बाहेर नेणं आहे हे लक्षात येतं. पाला न कापता खाली कुजू दिला तर हाच नायट्रोजन पुन्हा पाण्यात उतरतो आणि शेवाळाच्या तोंडी जातो.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. सीओटू सोडणाऱ्या टाकीत झाडं दिवसभर तो खात असतात. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात सीओटू लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही आत असतो; हौशी लोक तो वीस-तीसपर्यंत नेतात. अर्धी झाडं कापली आणि सिलिंडरचे बुडबुडे मात्र पूर्वीइतकेच ठेवले, तर खाणारी तोंडं कमी, पुरवठा तोच. सीओटू चढतो, ऑक्सिजन देणारी पानंही घटलेली असतात, आणि संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन धापा टाकू लागतात. एप्रिल-मे मध्ये पाणी तिशीला पोचलेलं असतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी मावतो. तेव्हा तर जास्त सांभाळावं. मोठ्या छाटणीच्या दिवशी सीओटू कमी करा, पृष्ठभाग हलता ठेवा. ड्रॉप चेकरवर, म्हणजे सीओटूप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचेच्या कुपीवर, त्या दिवशी विसंबू नका. तिचा रंग पिवळा व्हायला तास-दोन तास लागतात. माशांकडे बघा.

उजेडही आठवडाभर तास-दीड तास कमी ठेवावा. झाडं कमी आणि दिवे तेवढेच, ही शेवाळाला दिलेली मेजवानी ठरते.

मग दिवाच मंद केला तर?

कापायचा कंटाळा आलेला प्रत्येक जण इथे येतो. दिव्याचे तास घटवले तर वाढ थोडी मंदावते, तेवढं खरं. पण दिवा मंद केला तर झाड वाढायचं थांबत नाही, ते ताणतं. पेरांमधलं अंतर लांबतं, पानं विरळ होतात, आणि आधीच कमी असलेला उजेड खाली पोचतच नाही. टक्कल उलट लवकर पडतं.

कंटाळा खराच असेल तर झाडं बदलावीत. ॲनुबिया, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न यांना महिनोन्‌महिने कात्री लागत नाही. मात्र टाकी नवी असताना पहिले दोन-तीन महिने भराभर वाढणारी झाडंच भरपूर हवीत, कारण तेव्हा अमोनिया पचवणारे जिवाणू पुरेसे नसतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढून घ्यायला हीच झाडं असतात. पुढे त्यांची जागा संथ झाडांना देता येते.

कापलेलं टाकायचं कुठे

चांगले शेंडे मित्रांना द्या, किंवा दुकानदाराला. काही जण त्याबदल्यात माशांचं खाद्य देतात. उरलेला पाला आधी टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत तासभर ठेवावा. चेरी श्रिंप आणि माशांची पिल्लं त्यात हमखास अडकलेली असतात.

मग तो पाला नाल्यात, तळ्यात, नदीत टाकायचा नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आली आणि मुळा-मुठेपासून उल्हासपर्यंत तिने काय केलं ते आपण बघतो आहोत. टाकीतल्या वनस्पतींचा तर एका पेराचा तुकडाही नवं झाड होऊ शकतो. छाटणी यशस्वी होते ती याच गुणामुळे. हा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथले कालवे तिने तुंबवले. आपली साधीसुधी हायग्रोफिला पॉलिस्पर्मा अमेरिकेच्या संघीय उपद्रवी तणांच्या यादीत आहे. ‘आपल्याकडची जात आहे, आपल्या तळ्यात टाकली तर काय बिघडलं’ हेही लागू नाही. दुकानातली रोपं बहुधा परदेशी रोपवाटिकांतली निवडक वाणं असतात आणि त्यांच्याबरोबर गोगलगायी, शेवाळ, जंतू येतात.

पाला वर्तमानपत्रावर पसरून गच्चीत किंवा खिडकीत कडक वाळवा, दोन ऊन्हं पुरतात. मग कुंडीत घाला. वर ०.२ ग्रॅम नायट्रोजनचा हिशेब केला, तो तुळशीला चालतो.